त्रेचाळीस हरकती

सोलापूर,
रविवार, दुपार

प्रिय रत्नक्का,

तू ‘प्रभागाची खबर’ या ग्रुपमधून बाहेर पडलीस, ते मला गुरुवारी सकाळी चहा पिताना दिसलं. अशा वेळी तिथं एक बारीक ओळ येते आणि लगेच खाली कुणीतरी गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ टाकतं. तसंच झालं. मी फोन केला, तो महेश्वरभावजींनी उचलला. “ती माग चालवतीय,” म्हणाले. पण त्यांच्या पाठीमागं सगळं शांत होतं. तुझ्या घरातला एक जरी माग चालू असला, तरी फोनवर ओरडून बोलावं लागतं. ते मला माहीत नसणार तर कुणाला? भावजींना खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळं त्यांना जमत नाही. मला जमतं, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. तुझी शाळा तेलुगूची, मराठी तू सावकाश वाचतेस, तेव्हा अक्षर मोठं काढतेय. दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस.

या महिन्याची खबर मी ग्रुपवर टाकलीच नाही. निवडून आल्यापासून पहिल्यांदाच चुकली. टाकणार तरी काय? शाळेमागच्या गटाराचं काम सुरू झालं, असं मी तीन महिने लिहितेय आणि तू तिन्ही वेळा खाली विचारलंस, ‘कुटं?’ दिव्यांचे खांब आलेत, दिवे यायचेत. पाणी पाचव्या दिवशी येतंय, पुढच्या महिन्यात चौथ्या दिवशी येईल असं पाणीपुरवठ्याचे साहेब म्हणतात, आणि ते उन्हाळ्यातही हेच म्हणत होते. माळावरच्या घरकुलांच्या इमारतींना रंग लागला. आणि विरुपाक्षनगरातून साठ फुटी रस्ता जाणार आहे, त्यात त्रेचाळीस घरं पाडली जाणार आहेत, त्यात सतरा नंबरचं घर तुझं आहे. ही शेवटची खबर मी कधीच लिहिली नाही. परवा महापालिकेचे लोक तुमच्या दारांवर तांबड्या रंगानं आकडे काढून गेले, त्या दिवशीसुद्धा मी ग्रुपवर डासांच्या फवारणीचा फोटो टाकला होता.

तुला आठवतं का, आम्ही पहिल्यांदा तुझ्या दारात आलो तो दिवस? मी माळशिरसकडची, धनगराची पोर. आमचं निम्मं वर्ष मेंढरांमागं जायचं, बिऱ्हाड घोड्यावर, आज या रानात आणि उद्या पुढच्या. लग्न होऊन इथं आले तेव्हा जोतिराम अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते, बिघडलेले माग दुरुस्त करायचे. आम्हाला खोली कुणी देईना. तुमची स्वतःची एक भिंत अजून उभी राहायची होती, तरी तुम्ही दिलीत. खाली पुढं दोन माग, मागं स्वयंपाकघर आणि वर पत्र्याची एक खोली, तीत आम्ही. नऊ वर्षं काढली. कांड्यांवर सूत भरायला तूच शिकवलंस, धागा तुटला की माझ्याच बोटांवर चापट मारायचीस. आमची पोर, ऋतुजा, त्या खडखडाटात गाढ झोपायची. आम्ही फ्लॅटमध्ये राहायला गेलो तर शांततेला घाबरून आठ दिवस रडत होती. दाराला आतून कडी घालून झोपायचं सुख मला आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या घरात मिळालं. हे मी एकाही भाषणात सांगितलं नाही. भाषणात मी गरिबीतून वर आले एवढंच सांगायचे, आणि वर येताना जिना कुणाचा होता ते गाळायचे.

प्रभाग बायकांसाठी राखीव झाला आणि पक्षाची सूत्रं ज्यांच्या हातात त्या मानसिंगदादांनी माझं नाव घेतलं, तेव्हा पक्षातले चार जण नाकं मुरडून बसले होते. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा तोंडावर आलेली, थंडी मरणाची, आणि तू कांड्यांचं काम टाकून माझ्याबरोबर गल्ल्यागल्ल्यांतून फिरलीस. “मन वैजू, मन वैजू,” करत प्रत्येक उंबऱ्यावर उभी राहायचीस. आपली वैजू. मला तेलुगूत तेवढंच नीट कळायचं. निकालाच्या दिवशी माझ्या गळ्यात इतके हार होते की मान वळेना, आणि तू लांब उभी राहून रडत होतीस. गर्दीत कुणीतरी विचारलं, ही कोण? मी म्हणाले, आमची कार्यकर्ती. तू ऐकलंस का ते? आजवर विचारायचा धीर झाला नाही.

आता सभेचं सांगते. नीट वाच, कारण सगळं तिथून सुरू झालं. महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत विषय एकेक करून चर्चेला येतात असं मला वाटायचं. तसं नसतं. आमच्या पक्षाची रीत अशी की सभेच्या आदल्या दिवशी दादांचा माणूस ठरावांचे कागद घेऊन पक्ष कार्यालयात बसतो. ठराव मांडणारा एक आणि त्याला पाठिंबा देणारा एक, अशा दोन सह्या लागतात. मांडणारा त्याला सूचक म्हणतात, दुसरा अनुमोदक. नव्याने निवडून आलेल्या बायकांना पहिल्यांदा अनुमोदनाचा मान द्यायचा, असा प्रघात आहे. मान म्हणजे काय, तर माणूस बोट ठेवतो तिथं सही करायची. मी सात कागदांवर केल्या. एकही वाचला नाही. वाचला असता तर भोवतीचे म्हणाले असते, ताईंचा दादांवर भरवसा नाही. दुसऱ्या दिवशी सभागृहात नगरसचिवांनी एकतीस ते बावन्न असे विषयांचे नुसते आकडे वाचले, मंजूर मंजूर असा ओरडा झाला, बाकं वाजली, तीन मिनिटांत सगळं उरकलं. माईकवरून माझं नाव घेतलं, सूचक मानसिंगदादा, अनुमोदक वैजयंती वाघमोडे, आणि मी मागच्या बाकावरच्या पोरीला सांगून फोटो काढून घेतला. तो तुला पाठवला. तू गल्लीत पेढे वाटलेस.

त्यातला विषय एकेचाळीस म्हणजे विकास योजनेतल्या रस्त्याच्या आखणीत किरकोळ फेरबदल. वस्तीचं नाव नाही, फक्त गट नंबर. रस्ता आधी पलीकडच्या रिकाम्या रानातून जायचा होता, तो उचलून तुमच्या दोन गल्ल्यांवर आणून ठेवला. त्या रानात आता बारा मजली इमारतींची पाटी लागलीय, ती तू येताजाता बघतेसच. गट नंबर मला ओळखता आला नाही असं मी मनाला सांगते. तुझ्या खरेदीखतावर तो आहे आणि ते खरेदीखत मी तुझ्याबरोबर उन्हात धरून वाळवलंय, पत्रा गळला होता त्या साली. वाचलं असतं तर आठवलं असतं. तुम्ही पेढे वाटलेत ते स्वतःचं घर पाडायच्या ठरावाचे, आणि तो ठराव माझ्या सहीनं झाला, हे मी आज तुला पहिल्यांदा सांगतेय.

मग महिनाभर हरकती मागवल्या. कार्यालयाच्या भिंतीवर नकाशा लावला, पेपरात मुंगीच्या अक्षरात जाहिरात आली. भावजींनी ती वाचली, टेप घेऊन गल्ली मोजली आणि दोन दिवस जेवले नाहीत. तुम्ही सगळ्यांनी मिळून अर्ज लिहिलेत. त्रेचाळीस घरं, त्रेचाळीस अर्ज, काहींवर सही, काहींवर अंगठा. ते तू टॉवेलात बांधून माझ्याकडं घेऊन आलीस. बरोबर तुमच्या गल्लीतली जगदेवी होती, ती बिचारी एवढंच म्हणाली की आपणच आवक खिडकीवर देऊ या, शिक्का मारून पोच घेऊ या. तू तिला काय म्हणालीस ते माझ्या कानातून जात नाही. “वैजूकडनं पोच मागायची व्हय? नऊ वर्षं माज्या घरात ऱ्हायलीय ती. लाज वाटू दे की जरा.” आपल्या भागात हे असंच चालतं. रेशनकार्ड असो नाहीतर शाळेचा दाखला, कागद ताईंकडं दिला की काम झालं. खिडकीवर जाणं म्हणजे ताईंवर अविश्वास. ही सवय तुम्हाला लावली कुणी? आम्हीच. लोक खिडकीवर जायला लागले तर आमच्या ऑफिसात कोण येणार?

मी ते दादांकडं नेले. दादा म्हणाले, “सुटे अर्ज टाकू नका ताई. शिष्टमंडळ नेऊ, आयुक्तसाहेबांच्या हातात देऊ, फोटो येईल. तारीख मी घेतो.” तारीख दोनदा ठरली आणि दोनदा पुढं गेली. अर्ज माझ्या ऑफिसच्या कपाटात होते. इथपर्यंत मी फक्त मूर्ख होते, अक्का. इथपर्यंतचं तू मला माफ केलं असतंस, हे मला माहीत आहे.

मुदत सोमवारी संपणार होती. त्याआधीच्या मंगळवारी मी रस्त्याची फाईल बघायला नगररचना विभागात गेले. तिथं कुंडलिक नावाचा लिपिक आहे, श्रीपूरकडचा, आमच्या जोतिरामच्या ओळखीचा. त्यानं फाईल पुढं सरकवली आणि हळूच म्हणाला, “म्याडम, तुमी हरकती गोळा करताय म्हनं. पन ह्यात अनुमोदक तुमीच हाय की.” माझी सही माझ्याकडं बघत होती. त्या ऑफिसातून एक जिना उतरलं की आवक खिडकी. अर्ज त्या दिवशी माझ्या पिशवीत होते. शिष्टमंडळाची तारीख कधीही मिळेल म्हणून मी ते बरोबरच ठेवायला लागले होते. खाली जाऊन दिले असते तर दहा मिनिटांचं काम होतं. मी बाकावर बसले. पाऊण तास बसले. मनात एकच, हे अर्ज आत गेले की सुनावणी लागणार, सुनावणीत ठराव वाचला जाणार, आणि सगळ्या गल्लीसमोर माझं नाव निघणार. दादांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, “शुक्रवारी महिला-बालकल्याणचं सभापतीपद ठरतंय. आता गडबड करू नका. रस्त्याचं नंतर बघता येतं.” मी पिशवी उचलली आणि घरी आले. संध्याकाळी तुझा फोन आला. तू विचारलंस, दिलेस का गं? मी म्हणाले, दिले, काळजी करू नकोस. हे मी घाईत नाही बोलले. दोन घोट पाणी पिऊन, विचार करून बोलले.

शुक्रवारी मी सभापती झाले. गाडी मिळाली. सोमवारी मुदत संपली. अहवालात एक ओळ आली, मुदतीत एकही हरकत प्राप्त झाली नाही. हरकत नाही म्हणून सुनावणी नाही, सुनावणी नाही म्हणून फाईल अडली नाही. एरवी फाईल वर्षवर्ष धूळ खात पडते, ही दिवाळीच्या आत मंत्रालयातून मंजूर होऊन परत आली. आणि तू आवक खिडकीवर जाऊन तिथल्या पोरीशी भांडलीस. मी तुझ्या शेजारी उभी होते. “आमच्या वैजूनं स्वता दिलेत! तुमीच हरवलात!” त्या पोरीनं आवक रजिस्टर फिरवून तुझ्यापुढं ठेवलं, तारखेवर तारखा, पानावर पानं. तुला सगळं वाचता आलं नाही, पण त्यात त्रेचाळीस ओळी एकाखाली एक कुठंच नाहीत, एवढं तुला दिसलं. मग तू माझ्याकडं बघितलंस. तिथं एक शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मी रोज स्वतःला काहीतरी समजावते. दादांनी फसवलं म्हणते. खरंच फसवलं, पण त्यांनी मला तुझ्याशी खोटं बोलायला सांगितलं नव्हतं, ते माझं मी बोलले. रस्ता व्हायलाच हवा, शहर वाढतंय म्हणते. मग तो रानातूनच का नको? तुम्हाला घरकुल मिळेल म्हणते. मागच्या आठवड्यात मी त्या इमारतीत जाऊन आले. तुमच्या वाट्याला चौथा मजला. खोली बरी आहे, फरशी आहे, खिडकीतून वारा येतो. पण चौथ्या मजल्यावर माग बसत नाही, अक्का. जमीन पेलत नाही, शेजारी राहू देत नाहीत, सुताचा जड बीम वर चढत नाही. सोबत आलेल्या इंजिनिअरला विचारलं तर तो म्हणाला, “माग विकून टाकायचे, लई जुने असतेत की ते.” भावजी साठीला आले. माग विकून ते चौथ्या मजल्यावर बसून काय करणार, याची योजना कुठल्याही नकाशात नाही. मी ग्रुपवर महिन्याला प्रभागाची खबर टाकत होते, आणि घर म्हणजे तुम्हा लोकांचा कारखानाही असतो एवढं साधं मला एकाही खबरीत लिहावंसं वाटलं नाही. मी नऊ वर्षं त्या कारखान्याच्या डोक्यावर झोपले, तरी.

आता हे सगळं आज का. कुंडलिककडून कळलं की तुमच्यातल्या अकरा घरांनी वकील केलाय आणि हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या बेंचपुढं जायचं ठरलंय. वकील म्हणाला म्हणे, मुदतीत हरकतच नाही, तर केस लंगडी आहे. या पत्राबरोबर जोतिराम एक जाड पाकीट आणून देतील. त्यात त्रेचाळीसच्या त्रेचाळीस मूळ अर्ज आहेत, एकही गहाळ नाही. आणि माझं प्रतिज्ञापत्र आहे, काल शनिवारी नोटरी करून घेतलेलं. अर्ज कुठल्या तारखेला माझ्या हातात आले, मी ते का दिले नाहीत, मंगळवारी दादा फोनवर काय बोलले, मी तुला काय सांगितलं, सगळं त्यात आहे. माझं सभापतीपद जाईल, पक्ष काढून टाकेल, जोतिराम दोन दिवस माझ्यावर चिडलेत, तरी पाकीट मी नेऊन देतो म्हणालेत. पाकीट वकिलाला दे. हे पत्र मात्र तुझ्यापाशीच ठेव. कोर्टात वाचलं जाण्याआधी ते तुला माझ्या हातचं कळावं, एवढ्यासाठी लिहिलं. आणि एक मागणं आहे, त्यासाठीही. समोरचा वकील पहिलं हेच म्हणणार की मैत्रिणीचं घर वाचवायला ही बाई आता खोटं बोलतेय. नऊ वर्षं तुझ्याकडं राहिले हे मी प्रतिज्ञापत्रात लिहिलंय, लपवलेलं नाही. पण आज आपण एकमेकींच्या दारात दिसलो, तर माझ्या शब्दाला तिथं काडीची किंमत राहणार नाही. म्हणून, रत्नक्का, माझ्याशी बोलू नकोस. बाजारात दिसले तर तोंड फिरव. फोन उचलू नकोस, ग्रुपमध्ये परत येऊ नकोस. मला माफ करावं असं मनात आलंच, तर निकाल लागेपर्यंत करू नकोस. आणि नाही आलं, तर तसंच राहू दे. तुझं घर तेवढं राहू दे.

तुझीच,
वैजू

(पाकिटातल्या कागदावर पूर्ण नाव आहे. तिथं वैजू चालत नाही.)